वांग

वांग : चेहऱ्यावर उमटणारे तपकिरी ते करड्या रंगाचे सपाट चट्टे. ते खाजत नाहीत, दुखत नाहीत. वैद्यकात यांना मेलाझ्मा म्हणतात. दोन्ही गाल, कपाळ, नाकाचा दांडा आणि वरचा ओठ या त्यांच्या ठरलेल्या जागा. काहींना जबड्याच्या कडेनेही येतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये प्रमाण बरेच जास्त. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये, म्हणजे किरकोळ रोगांमध्ये, ‘व्यंग’ या नावाने तोंडावरच्या अशाच वेदनारहित, सावळ्या मंडलाचे वर्णन असून राग आणि श्रम ही त्याची कारणे सांगितली आहेत. वांग एकाचा दुसऱ्याला लागत नाही आणि त्याचा कर्करोगही होत नाही. ‘रक्त खराब झालं’ किंवा ‘तोंड नीट धूत नाही’ असे बाईला ऐकवले जाते, त्यात काहीही तथ्य नाही.

त्वचेला रंग देणारे मेलॅनिन बाह्यत्वचेच्या तळाशी असलेल्या रंगपेशींत तयार होते. तिथून ते शेजारच्या पेशींकडे जाते आणि त्यांच्या केंद्रकावर छत्रीसारखे पसरून उन्हातील अतिनील किरणांपासून त्याचे रक्षण करते. वांग येतो तिथे या रंगपेशी गरजेपेक्षा जास्त काम करू लागलेल्या असतात. त्यांना चेतवणारी कारणे तीन : ऊन, संप्रेरके (हार्मोन) आणि आनुवंशिकता. म्हणूनच गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना वांग येतो आणि आई-मावशीला असला तर मुलीलाही येण्याची शक्यता वाढते. रंग बाह्यत्वचेत असेल तर डाग तपकिरी दिसतो व उपचारांना लवकर दाद देतो. खाली उतरला असेल तर राखाडी-निळसर दिसतो आणि चिवट ठरतो.

नाशिक जिल्ह्यात ऊन आणि वांग यांचे नाते द्राक्षबागेत स्पष्ट कळते. निफाड, दिंडोरीकडे माल काढून झाला की एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, म्हणजे वेलीच्या जुन्या काड्या काढून टाकणारी छाटणी, होते. हिवाळ्यात ज्या मांडवाखाली गार सावली असते, तिथे उरतात फक्त उघडे ओलांडे (वेलीचे आडवे हात) आणि तारा. त्यानंतरची फुटींची विरळणी, सबकेन (काडी खुडून तिच्यावर बगलफूट वाढवणे), शेंडा खुडणे ही कामे भर उन्हाळ्यात, वर पुरेशी सावली नसताना चालतात आणि ती मुख्यतः बायका करतात. साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, डोक्याला घट्ट स्कार्फ असा पेहराव असतो. पण हात वर करून फुटी काढताना मान मागे झुकते आणि गाल व नाकाचा दांडा थेट उन्हासमोर येतो. नाशिक शहरात कॉलेज रोडवर स्कूटीवरून जाणारी मुलगी डोळे सोडून सगळा चेहरा बांधते. बागेत दिवसभर तसे बांधून श्वास कोंडतो, म्हणून स्कार्फ हनुवटीखाली सरकतो. रुंद काठाची टोपी स्कार्फवरून घातली तर ही अडचण बरीच सुटते. बागाईतदाराने मजुरांना पाण्याच्या जारबरोबर टोप्याही द्यायला हव्यात. खर्च फार नाही.

सनस्क्रीन हा उपचाराचा पाया आहे, बाकीचे सगळे त्यावर उभे राहते. एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचे माप) ३० किंवा अधिक असलेले घ्यावे, तर्जनी व मधल्या बोटावर पूर्ण लांबीच्या दोन रेघा निघतील एवढे चेहऱ्याला व मानेला लावावे आणि उन्हात दर दोन तासांनी पुन्हा लावावे. दृश्य प्रकाशानेही वांग गडद होतो. म्हणून आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाची छटा असलेले सनस्क्रीन वांगासाठी अधिक उपयोगी.

औषधांमध्ये हायड्रोक्विनोन सर्वांत जुने व परिणामकारक. १९७५ मध्ये क्लिगमन आणि विलिस यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड एकत्र करण्याचे सूत्र मांडले. आजची तिहेरी क्रीम त्याचीच सौम्य रूपे आहेत. त्वचारोगतज्ज्ञ ती मोजके आठवडे देतात व मग थांबवतात. हायड्रोक्विनोन फार काळ लावत राहिल्यास ऑक्रोनोसिस नावाचा विकार होऊन निळसर-काळे डाग कायमचे बसू शकतात. ॲझेलाइक आम्ल आणि कोजिक आम्ल हे पर्याय आहेत. ट्रॅनेक्झामिक आम्लाच्या गोळ्या अनेकांना लागू पडतात, पण हे मूळचे रक्तस्राव थांबवणारे औषध. रक्तात गुठळी होण्याचा पूर्वेतिहास असेल तर ते घेता येत नाही. पील (रसायनाने त्वचेचा वरचा थर काढणे) आणि लेसर सावळ्या त्वचेवर जपूनच वापरावे लागतात. भाजल्यासारखे झाले तर डाग आणखी गडद होतो.

वांगापेक्षा जास्त नुकसान चुकीच्या क्रीमने होते, हे ठामपणे सांगायला हवे. ‘वांगाची क्रीम द्या’ म्हटले की मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय हातात पडणाऱ्या ट्यूबमध्ये पुष्कळदा मोमेटासोनसारखे स्टेरॉइड असते. पंधरा दिवसांत चेहरा उजळतो, शेजारीण नाव विचारते, तिच्याही घरी तीच ट्यूब येते. काही महिन्यांनी त्वचा पातळ होते, लालसर रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुटकुळ्या व लव वाढते आणि क्रीम थांबवताच आग होते, म्हणून ती सुटत नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमे अनुसूची ‘एच’मध्ये घालून चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरीही ट्यूबवरची बारीक अक्षरे ग्राहकाने स्वतः वाचावीत : मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल ही नावे दिसली तर ती ट्यूब डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय तोंडाला लावू नये. घटकांची यादीच नसलेल्या गोरे करणाऱ्या क्रीममध्ये पारा असू शकतो, त्याने मूत्रपिंडाला इजा होते.

घरात सहाणेवर दुधात जायफळ उगाळून लावण्याची रीत आहे. ते चुरचुरले, तर थांबावे. चुरचुरणाऱ्या त्वचेत रंग आणखी साठतो. लिंबू चोळून उन्हात जाणे तर धोक्याचेच, त्यातील द्रव्यांवर ऊन पडले की त्वचा भाजते व काळी पडते.

गरोदरपणातला वांग बाळंतपणानंतर काही महिन्यांत बहुधा फिका होतो. त्या काळात ट्रेटिनॉइन व हायड्रोक्विनोन टाळून फक्त उन्हापासून जपावे. एरवी उपचारांचा फरक दिसायला आठ-बारा आठवडे लागतात आणि पुढच्या उन्हाळ्यात वांग परतूही शकतो. तो आटोक्यात ठेवता येतो, पण कायमचा घालवण्याची हमी देणाऱ्याकडे पैसे घालवू नयेत.

चेहऱ्यावरचा प्रत्येक काळा डाग वांग नसतो. केसांचा डाय किंवा कुंकवातील रंगाच्या ॲलर्जीने कपाळ काळवंडते. तिथे ती वस्तू बंद करणे हाच उपाय. मान व काख मखमलीसारखी जाड-काळी झाली तर घासू नये, साखर तपासावी. छाती-पाठीवरची शिबं बुरशीची असतात. फिकट किंवा लालसर चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर कुष्ठरोगाची तपासणी लगेच करून घ्यावी. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो.