विमानातील कर्मचाऱ्यांचे शब्द आणि आपला प्रवास : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या कार्यालयातून तिकीट काढणाऱ्या ग्राहकांमध्ये ज्येष्ठ नागरिकांची संख्या मोठी आहे. कोणी मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघालेले असते, कोणी मुलाचे नवे घर पाहायला सिंगापूरला, तर कोणी आयुष्यात पहिल्यांदाच पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून दिल्लीचे विमान पकडत असते. परत आल्यावर त्यांपैकी बरेच जण विचारतात, की विमानातले कर्मचारी आपापसांत आणि ध्वनिक्षेपकावरून जे तुटक शब्द बोलतात, त्यांचा अर्थ काय? ते आपल्यासाठी नाहीत असे समजून बहुतेक प्रवासी त्यांकडे लक्ष देत नाहीत. आमचा अनुभव मात्र असा आहे, की यांतले काही संकेत तिकीट काढतानाच प्रवाशाच्या नावापुढे नोंदले जातात, आणि नोंद चुकली तर त्रास त्या प्रवाशालाच सोसावा लागतो. म्हणून सुरुवात त्याच शब्दांपासून केली आहे.

व्हीलचेअर : चौथ्या अक्षराला महत्त्व

‘व्हीलचेअर हवी’ एवढे सांगून काम भागत नाही. विमान कंपन्यांच्या नोंदीत व्हीलचेअरसाठी चार अक्षरी संकेत असतात. पहिली तीन अक्षरे सारखीच असून खरा अर्थ चौथ्या अक्षरात असतो. ‘डब्ल्यूसीएचआर’ म्हणजे या प्रवाशाला लांबचे अंतर चालता येत नाही, परंतु तो जिना चढू-उतरू शकतो आणि विमानात आपल्या आसनापर्यंत स्वतः जाऊ शकतो. ‘डब्ल्यूसीएचएस’ म्हणजे जिना चढणे शक्य नाही, आत गेल्यावर मात्र थोडे चालता येते. ‘डब्ल्यूसीएचसी’ म्हणजे प्रवाशाला अजिबात चालता येत नाही आणि त्याला थेट आसनापर्यंत न्यावे लागते. यासाठी आसनांमधल्या चिंचोळ्या वाटेत मावेल अशी अरुंद खुर्ची वापरतात.

आमच्या एका ग्राहक काकूंच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली होती. त्यांचे तिकीट भाच्याने घाईघाईत मोबाइलवर काढले आणि यादीतला पहिलाच पर्याय, म्हणजे ‘आर’, निवडला. त्या दिवशी विमान टर्मिनलपासून दूर उभे होते, त्यामुळे प्रवाशांना बसने नेऊन शिडीने वर चढवण्यात आले. नोंदीप्रमाणे काकूंना जिना चढता येतो असे सर्वांनी गृहीत धरले होते, आणि त्या एकेक पायरीवर थांबत, डोळ्यांत पाणी आणून वर पोहोचल्या. नोंद ‘एस’ असती तर उचलून दरवाज्याच्या उंचीपर्यंत नेणाऱ्या वाहनाची, म्हणजे अँबुलिफ्टची, मागणी आधीच गेली असती. म्हणून आम्ही तिकीट काढताना ‘जिना चढता येतो का?’ हा प्रश्न आवर्जून विचारतो; संकोच न करता खरे उत्तर द्यावे, ही विनंती. उलट बाजूने, गरज नसताना केवळ रांग टळावी म्हणून व्हीलचेअर मागू नये. खुर्च्या आणि त्या ढकलणारी माणसे मोजकीच असतात, आणि ज्याला खरोखर चालता येत नाही तो प्रवासी ताटकळत राहतो.

कर्मचाऱ्यांच्या यादीत अशा सर्व प्रवाशांचा एकत्र उल्लेख ‘पीआरएम’ असा असतो, म्हणजे हालचालीस मर्यादा असलेले प्रवासी. ‘यूएम’ किंवा ‘यूएमएनआर’ म्हणजे पालकांशिवाय एकटे प्रवास करणारे मूल. ही सेवा साधारणपणे पाच ते बारा वर्षांच्या मुलांसाठी असते, मात्र वयाची अट कंपनीनुसार बदलते. ‘एमईडीए’ ही नोंद असलेल्या प्रवाशाला विमान कंपनीची वैद्यकीय परवानगी लागते, आणि तिचा अर्ज डॉक्टरांकडून भरून घेण्यास वेळ लागत असल्याने अलीकडे शस्त्रक्रिया झालेल्यांनी आम्हाला लवकर कळवावे.

जेवणाचे संकेत

यात सर्वाधिक फसगत होते ती शाकाहारी मंडळींची. ‘हिंदू मील’ हे नाव वाचून अनेकांना ते शाकाहारी वाटते. प्रत्यक्षात ‘एचएनएमएल’ हा संकेत गोमांस न खाणाऱ्या मांसाहारी प्रवाशासाठी आहे, आणि त्यात कोंबडी, बकऱ्याचे मटण, मासे किंवा अंडी येऊ शकतात. आपल्याकडच्या अर्थाने शाकाहारी, भारतीय चवीचे आणि दूध-दही चालणारे जेवण हवे असल्यास ‘एव्हीएमएल’ मागावे. ‘व्हीएलएमएल’ हेही शाकाहारी म्हणूनच नोंदले जाते, पण त्यात अंड्याचा समावेश असू शकतो. ‘व्हीजीएमएल’मध्ये दूध, तूप, दही यांपैकी काहीच नसते, त्यामुळे ज्यांना जेवणाच्या शेवटी दहीभात लागतो त्यांची निराशा होते. कांदा, लसूण आणि कंदमुळे वर्ज्य असलेल्यांसाठी ‘व्हीजेएमएल’ हे जैन जेवण आहे.

संकष्टी किंवा एकादशी प्रवासाच्या दिवशी येत असेल तर काय करावे, हाही नेहमीचा प्रश्न आहे. साबुदाण्याच्या खिचडीसाठी संकेत नाही; ‘एफपीएमएल’ म्हणजे फळांची थाळी मात्र अनेक मोठ्या कंपन्यांत मिळते आणि उपवासाला तीच सोयीची पडते. मधुमेहींसाठी ‘डीबीएमएल’, कमी मिठासाठी ‘एलएसएमएल’ असे संकेत आहेत. तथापि, मधुमेहींनी विमानातील जेवणाच्या वेळेवर विसंबून इन्सुलिन घेऊ नये. जेवण प्रत्यक्ष समोर आल्यावरच, डॉक्टरांच्या सल्ल्याप्रमाणे, डोस घ्यावा आणि जवळ थोडा खाऊ ठेवावा. खास जेवणाची नोंद बहुतेक कंपन्यांना किमान २४ तास आधी लागते, काहींना त्याहूनही आधी.

दरवाजे आणि सुरक्षिततेचे शब्द

विमान जागेवरून हलण्याच्या सुमारास ‘आर्म डोअर्स अँड क्रॉस-चेक’ अशी सूचना ऐकू येते. प्रत्येक दरवाज्यात एक घसरगुंडी घडी करून ठेवलेली असते. दरवाजा ‘आर्म’ केला, की ती घसरगुंडी विमानाच्या चौकटीशी जोडली जाते, आणि त्यानंतर दरवाजा आतून उघडल्यास ती काही सेकंदांत फुगून जमिनीपर्यंत पोहोचते. ‘क्रॉस-चेक’ म्हणजे समोरच्या दरवाज्याचे काम सहकाऱ्याने नीट केले आहे ना, याची एकमेकांनी केलेली खातरजमा. मुक्कामी पोहोचल्यावर हीच क्रिया उलट होते आणि ‘डिसआर्म’ हा शब्द ऐकू येतो. दरवाज्यांना पुढून मागे क्रमांक असतात, आणि नाकाकडे तोंड करून उभे राहिल्यावर जी बाजू डावी ती ‘एल’, उजवी ती ‘आर’. आपण सहसा ‘एल-वन’मधून आत येतो.

एवढी काटेकोरता कशासाठी, याचे उत्तर एका नियमात आहे. विमानाचे नवे मॉडेल प्रवासी वाहतुकीस मंजूर होण्यासाठी, निम्मीच दारे वापरून, सर्व प्रवासी आणि कर्मचारी ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात हे दाखवावे लागते. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरणारे जपान एअरलाइन्सचे विमान धावपट्टीवर तटरक्षक दलाच्या विमानावर आदळले आणि पेटले. त्या छोट्या विमानातील सहापैकी पाच जण दगावले. परंतु प्रवासी विमानातील सर्व ३७९ जण जिवंत बाहेर आले. आठपैकी तीनच दारे वापरता आली आणि ध्वनिक्षेपक बंद पडल्याने कर्मचाऱ्यांनी कर्णे व स्वतःचा आवाज वापरून सूचना दिल्या. तेथे प्रवाशांनी सामान मागे ठेवले, हे आम्ही प्रत्येक ग्राहकाला आग्रहाने सांगतो. ‘इव्हॅक्युएट’ हा शब्द कानी पडला, की पर्स, पासपोर्ट, औषधांची पिशवी, सगळे सोडून निघावे. ‘ब्रेस’ म्हणजे डोके खाली घेऊन आघातासाठी शरीर आवळून धरणे. त्याची आकृती समोरच्या खिशातील कार्डावर असते.

संकटकाळी दार उघडण्यास मदत करू शकणाऱ्या धडधाकट प्रवाशाला कर्मचारी ‘एबीपी’ म्हणतात. आपत्कालीन दारालगतच्या आसनावर पाय पसरायला जागा जास्त असते म्हणून ज्येष्ठ नागरिक ते मागतात. नियमाने ते त्यांना सहसा मिळत नाही, आणि त्यात अपमान मानू नये.

विमानातील कर्मचाऱ्यांच्या प्रमुखास ‘पर्सर’ किंवा ‘लीड’ म्हणतात. पर्सर हा शब्द जहाजांवरून आला. तेथे तो हिशेब आणि पैशांची थैली सांभाळणारा अधिकारी असे. ५ सप्टेंबर १९८६ रोजी कराचीत अपहरण झालेल्या पॅन अॅमच्या विमानात नीरजा भनोत ज्येष्ठ पर्सर होत्या. त्यांनी वैमानिकांना सावध केले, त्यामुळे वैमानिक निघून जाऊ शकले आणि विमान जमिनीवरच राहिले. प्रवाशांना बाहेर काढताना त्यांना वीरमरण आले आणि पुढे अशोकचक्र प्रदान झाले. १९३० मध्ये अमेरिकेत एलेन चर्च या परिचारिकेपासून हा पेशा स्त्रियांसाठी सुरू झाला. आपल्याकडे रूढ झालेला ‘हवाई सुंदरी’ हा शब्द आम्ही वापरत नाही, कारण त्यात या कामाचा गाभाच हरवतो. चहा देणे हा या कामाचा छोटा भाग आहे.

‘स्टेराइल कॉकपिट’ हा शब्द आपल्याला ऐकू येणार नाही, पण त्याचा परिणाम जाणवतो. विमान साधारण १०,००० फुटांखाली असताना वैमानिकांशी उड्डाणाव्यतिरिक्त काहीही बोलायचे नसते. त्या काळातला बराच वेळ कर्मचारीही घडीच्या आसनावर, म्हणजे ‘जंप सीट’वर, पट्टा लावून बसलेले असतात. म्हणून उड्डाणानंतर लगेच बटण दाबले आणि पाण्यासाठी कोणी आले नाही, तर ते दुर्लक्ष नव्हे. छातीत दुखणे, धूर किंवा जळका वास अशी बाब असेल तर मात्र त्याही वेळी बटण दाबावे आणि मोठ्याने सांगावे.

‘पीईडी’ म्हणजे मोबाइल, टॅब्लेटसारखी हातातली उपकरणे. पॉवर बँक नेहमी हातातल्या बॅगेत ठेवावी, मोठ्या बॅगेत कधीही नको. सर्वसाधारण मर्यादा १०० वॉट-तासांची आहे. २०,००० एमएएचची पॉवर बँक सुमारे ७४ वॉट-तासांची भरते. लोहगाव हा हवाई दलाचा तळ असल्याने तेथे छायाचित्रणास मनाई आहे. खिडकीच्या पडद्याबाबत त्या दिवशी कर्मचारी जे सांगतील तेच करावे.

वेळेचे शब्द

तिकिटावरची सुटण्याची वेळ ही विमान हवेत झेपावण्याची नव्हे, तर उभे असलेल्या जागेवरून हलण्याची असते. पोहोचण्याची वेळही थांब्यावर उभे राहण्याचीच. ‘ईटीए’ म्हणजे पोहोचण्याची अंदाजे वेळ. ‘डायरेक्ट’ आणि ‘नॉन-स्टॉप’ यांत मोठा फरक आहे: डायरेक्ट विमान एकाच क्रमांकाने जाते, पण वाटेत एखाद्या शहरी थांबू शकते. ‘एफडीटीएल’ म्हणजे कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांची मर्यादा. ती संपली, की विमान तयार असूनही नवे कर्मचारी येईपर्यंत थांबावे लागते. थकलेल्या माणसांनी उड्डाण करू नये हा नियम प्रवाशांच्या हिताचाच आहे, असे आमचे ठाम मत आहे. गणवेशातला कर्मचारी प्रवाशांच्या आसनावर शांत बसलेला दिसला, तर तो बहुधा ‘डेडहेड’ असतो, म्हणजे पुढच्या कामाच्या ठिकाणी जात असतो. ‘पॅक्स’ म्हणजे आपण, प्रवासी.

सामानाच्या चिठ्ठीवर पुण्याचा संकेत ‘पीएनक्यू’ असतो. दिल्लीहून पुढे परदेशी जाणाऱ्यांनी लोहगावलाच चिठ्ठीवर अंतिम शहराचा संकेत छापला आहे ना, हे पाहून घ्यावे. परतीच्या वेळी मात्र बॅग भारतातल्या पहिल्या विमानतळावर सीमाशुल्क तपासणीसाठी स्वतः घ्यावी लागते का, हे तेथील कर्मचाऱ्यांना विचारावे.

विमान थांबले, की व्हीलचेअरची नोंद असलेल्या प्रवाशांना सर्वांच्या शेवटी उतरवतात, कारण खुर्ची दारापर्यंत येण्यास आणि वाट मोकळी होण्यास वेळ लागतो. न्यायला येणाऱ्या मुलांना हे आधीच सांगून ठेवावे, आणि आपण आसनावर बसून राहावे. आपल्याला विसरलेले नसतात, आपले नाव त्यांच्या यादीत असते.