जिन्यापर्यंत कोणाची वायर येते: घरगुती इंटरनेटच्या दरांमागची गोष्ट

घरगुती इंटरनेटचे प्लॅन ताडून पाहणे आता अवघड राहिलेले नाही. ३९९ रुपयांना ३० एमबीपीएस, ६९९ ला १००, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ३९९ च्या प्लॅनचे बिल ४७१ चे. पण भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन सोसायट्यांपैकी एकीत चार कंपन्यांची माणसे पत्रके टाकून जातात आणि दुसरी एका केबलवाल्याशिवाय कोणाला दारात उभे करत नाही, हे चित्र पुण्या-मुंबईत सर्रास दिसते. त्याचे मूळ शोधायचे तर २००४ पर्यंत मागे जावे लागते.

त्याआधीच्या काळात ग्राहकाला निवडायला फारसे काही नव्हतेच. १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले झाले, १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांना दार उघडले. तासांचे पॅक कोणाचेही घ्या, डायल-अपचा, म्हणजे फोन लावून इंटरनेट जोडण्याचा, कॉल बहुतेकांच्या घरी सरकारी लाइनवरूनच जायचा आणि टेलिफोनचे बिल निराळे यायचे.

ऑक्टोबर २००४ मध्ये ब्रॉडबँड धोरण आले. कायम चालू राहणारे, किमान २५६ केबीपीएस (एका एमबीपीएसचा जेमतेम पाव भाग) वेगाचे कनेक्शन म्हणजे ब्रॉडबँड, असे त्यात ठरले. मात्र खरा वाद वेगावरून नव्हता. त्याच वर्षी दूरसंचार नियामक ट्रायने शिफारस केली होती की सरकारी टेलिफोन कंपन्यांच्या घरोघरी गेलेल्या तांब्याच्या तारा इतरांनाही भाड्याने वापरू द्याव्यात. अशा लाइनी देशभरात चार कोटींच्या घरात होत्या. दुसऱ्या कंपनीने या तारा जिथे येऊन मिळतात त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आपली यंत्रे बसवायची, त्याच तारेवरून इंटरनेट द्यायचे आणि मूळ मालकाला भाडे मोजायचे. फोनची सेवा मूळ मालकाचीच राहिली असती. युरोपीय संघात ही सक्ती २००१ पासून लागू होती. फ्रान्समध्ये तर एका नवख्या कंपनीने २००२ मध्ये याच जोरावर महिना ३० युरोच्या आत ब्रॉडबँड विकायला काढले आणि जुन्या कंपनीला घाम फोडला.

आपल्याकडे धोरणाने ही सक्ती नाकारली. तारेच्या मालकाला वाटल्यास त्याने परस्पर करार करावा, एवढीच मुभा ठेवली. आता स्पर्धकाला आपली तार आपखुशीने कोण देणार?

सरकारी कंपन्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. तारा त्यांनी टाकल्या, तोट्यातली खेडी त्यांनी सांभाळली, आणि खासगी कंपन्यांचा डोळा फक्त शहरांतल्या मलईवर होता. शिवाय लाइनींची अवस्थाही बेताचीच होती. जागोजागी जोड, पावसाळ्यात पाणी शिरलेल्या रस्त्याकडेच्या पेट्या. एक्स्चेंजपासून घर तीन-चार किलोमीटरवर असले की डीएसएलचा, म्हणजे फोनच्या तारेवरून येणाऱ्या ब्रॉडबँडचा, वेग ढासळायचा. तरीही भाड्याच्या पैशातून याच तारा धडधाकट करता आल्या असत्या. तसे झाले नाही. २०१० पर्यंत दोन कोटी ब्रॉडबँड ग्राहक हे धोरणाचे लक्ष्य होते. ते साल सरले तेव्हा आकडा जेमतेम निम्म्यावर होता.

दरम्यान जानेवारी २००५ मध्ये सरकारी ब्रॉडबँड सुरू झाले. ५०० रुपयांचा प्लॅन, डाउनलोडला मर्यादा, ती ओलांडली की एमबीमागे पैसे. रात्री दोन ते सकाळी आठ मात्र मोजणी बंद. त्यामुळे दोनचा गजर लावून डाउनलोड सुरू करणारी एक अख्खी पिढी तयार झाली.

ज्यांना तांबे मिळाले नाही त्यांनी स्वतःच्या वायरी ओढल्या. रस्ता खणायचा तर महापालिकेला मीटरमागे खोदाईचे पैसे भरावे लागतात, म्हणून वायर या गच्चीवरून त्या गच्चीवर गेली. टीव्हीची केबल देणाऱ्याकडे ग्राहक, वसुलीची पोरे आणि सोसायटीच्या सेक्रेटरीशी ओळख, तिन्ही तयार होते. गच्चीवर किंवा जिन्यात पत्र्याची पेटी, आत घराघरांत जोडणी वाटणारा नेटवर्क स्विच, वीज त्याच इमारतीतून. इमारतीची लाइट गेली की नेटही गेले. यातूनच इमारतीवर ताबा मिळवण्याची पद्धत रुळली. सोसायटीचे ना-हरकत पत्र ज्याला मिळाले त्याची इमारत. फायबर, म्हणजे काचेच्या तंतूची वायर, आले तेव्हा तारा वाटून घेण्याचा प्रश्न पुन्हा काढता आला असता. एका फायबरवरून ३२ किंवा ६४ घरे सहज चालतात, पण त्यावर दुसऱ्या कंपनीला जागा देण्याची सक्ती आजही नाही.

दर पडले ते स्पर्धक स्वतःचे फायबर घेऊन उतरल्यावर. सप्टेंबर २०१९ मध्ये एका बड्या मोबाइल कंपनीने ६९९ पासून सुरुवात केली, आणि टाळेबंदीत घरून कामाची गरज वाढल्यावर सप्टेंबर २०२० मध्ये ३९९ चा अनलिमिटेड प्लॅन आणला. त्यालाही महिना ३,३०० जीबीची अट होतीच. साध्या घराला ती कधी जाणवत नाही, ही गोष्ट वेगळी. मर्यादा संपल्यावर वेग किती खाली आणायचा यावर बंधन त्याआधीच आले होते: २०१६ पासून तारेच्या ब्रॉडबँडला ५१२ केबीपीएसच्या खाली जाता येत नाही. ब्रॉडबँडच्या व्याख्येतला किमान वेग २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस झाला आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस. जाहिरातींतले वेग तोवर शेकडो एमबीपीएसवर पोहोचले होते.

२०२३ मध्येच ५जीवर चालणारे बिनतारी घरगुती कनेक्शन आले. ३० एमबीपीएसला ५९९, करासह ७०७, आणि बसवण्याचे हजार रुपये, वर्षाचे एकदम भरल्यास माफ. त्याच वेगाच्या फायबरपेक्षा महिन्याला सव्वादोनशेहून जास्त, आणि टॉवरवर गर्दी झाली की वेग वाटून घ्यायचा. तरी जिथे वायर आत येऊ दिली जात नाही तिथे लोक ते घेतात. अर्थात बाहेरचा डबा गच्चीवर लावायचा तर पुन्हा सोसायटीला विचारावे लागते, आणि वरच्या मजल्यावरच्यांना गच्चीला भोके पाडलेली आवडत नाहीत.