इजिप्शियन देवांचे चांदीचे राउंड: घेण्याआधी एवढं वाचून घ्या

पार्सल उघडल्यावर बरेच जण पहिलं हेच विचारतात, की यावर किंमत का नाही छापलेली? कारण हे नाणं नाहीच. नाणं सरकार काढतं, त्यावर दर्शनी किंमत असते, आणि राउंड म्हणजे खाजगी टांकसाळीत नाण्यासारखी पाडलेली चांदी, ती चलन म्हणून कुठंच चालत नाही. तसंही फेरोंच्या, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या राजांच्या काळात बहुतेक व्यवहार वजनावरच व्हायचे, देबेन नावाचं माप होतं, साधारण 91 ग्रॅमचं, त्यामुळे कुणी तुम्हाला रामसेसच्या काळातलं नाणं विकायला आला तर सरळ नमस्कार करा.

चांदीच का, तर तिथं चांदी फार दुर्मिळ होती, बरीचशी बाहेरून यायची, आणि देवांचं अंग सोन्याचं पण हाडं चांदीची अशी त्यांची समजूत. 1940 साली इजिप्तमधल्या तानिसला फ्रेंच पुरातत्त्वज्ञ प्येर माँते यांना पहिल्या सुसेनेस राजाची अख्खी चांदीची शवपेटी सापडली, पण तेव्हा महायुद्ध चालू, मग तुतानखामुनसारखा गाजावाजा कुठून होणार.

डिझाईनमध्ये आमचं आवडतं म्हणजे हृदय तोलण्याचा प्रसंग. माणूस मेला की त्याचं हृदय तराजूच्या एका पारड्यात आणि दुसऱ्यात सत्याची देवी माआत हिचं पीस, कोल्हतोंड्या अनुबिस देव काटा बघतोय, लेखनाचा देव थोथ निकाल लिहून घेतोय (चित्रगुप्त आठवला ना?), आणि बाजूला अम्मित बसलीय, तोंड मगरीचं, पुढचं धड सिंहाचं, मागचं पाणघोड्याचं. हृदय जड निघालं की ती ते खाऊन टाकते, विषय संपला. एवढी गर्दी 39 मिमीच्या गोलात बसवायची तर उठाव चांगला लागतो, म्हणून हा राउंड हाय रिलीफमध्येच घ्या, सपाट छापात अम्मितचं नुसतं डुक्कर दिसतं.

आता वजन. 1 औंस म्हणजे ट्रॉय औंस, 31.1 ग्रॅम. घरच्या काट्यावरचा औंस 28.35 ग्रॅमचा असतो, त्यामुळे तिथं 1.1 च्या आसपास आकडा दिसला तर घाबरू नका, ग्रॅममध्ये मोजा. 999 म्हणजे हजारात 999 भाग चांदी. लोहचुंबकाला चिकटला तर खोटा, पण नाही चिकटला म्हणून खराच असं नाही हां, तांबं पण चिकटत नाही.

तुम्ही देता त्या पैशात चांदीचा भाव वेगळा आणि घडणावळ, डिझाईन यांचा प्रीमियम वेगळा. परत विकताना बऱ्याचदा चांदीचाच भाव मिळतो, प्रीमियम मिळेलच असं आम्ही तरी सांगणार नाही. फक्त गुंतवणूक करायची असेल तर साधा बार घ्या, हे घ्यायचं ते आवडलं म्हणून.

अँटिक फिनिशवाला काळपट असतो तो मुद्दाम, खाचांत काळं ठेवून वरचा भाग उजळलेला असतो. एका ग्राहकाने टूथपेस्टने घासून चकचकीत केला आणि मग विचारलं की चित्र का दिसेना! पॉलिश नको, डिप (चांदी बुडवून उजळायचं रसायन) नको, कडेला धरूनच उचला, पीव्हीसीच्या पाकिटात किंवा रबरबँडजवळ ठेवू नका. कॅप्सूल, म्हणजे राउंडची प्लास्टिकची डबी, उघडायचीच असेल तर खाली जाड मऊ कापड पसरा, चांदी मऊ असते, पडली तर कडेला खोक पडते आणि ती आम्हाला पण भरून देता येत नाही.