नक्षी जुनी, पेन नवं

वेगवेगळ्या जातींची लाकडं जोडून लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवून कातायच्या यंत्रावर, कातलेलं पेन पहिल्यांदा हातात आलं की बरेच जण त्यावर हळूच नख घासून बघतात, नक्षी रंगवलेली तर नाही ना! रंग कुठेच नसतो. काळी रेघ शिसवीची, पिवळी हळदूची, तांबडी खैराची. असं पेन घरच्या छोट्या लेथवर करायचा छंद अलीकडचा, पण नक्षीची युक्ती फार जुनी आहे. तिचा एक धागा आपल्या मुंबईतून जातो.

युक्ती एवढीच: रंगीबेरंगी काड्यांची जुडी सरसाने चिकटवायची आणि वाळली की आडवी कापायची. बाकरवडीच्या गुंडाळीसारखं, जिथे कापाल तिथे तीच नक्षी. इराणात शिराझचे कारागीर याला खातम म्हणतात. तिथून ही कला सिंधमार्गे सुरत-मुंबईला आली आणि सादेली झाली. चंदन, आबनूस, पतंगाचं लाकूड, हस्तिदंत, शिंग, शिवाय कथलाची तार, असा सगळा ऐवज त्या जुडीत असे. एकोणिसाव्या शतकात साहेबलोक या पेट्या ‘बॉम्बे बॉक्स’ म्हणून विलायतेला नेत. त्यांतल्या कित्येक पेट्या लिहिण्याच्या सामानासाठीच असत, म्हणजे नक्षी टाकाच्या शेजारी येऊन बसली होती, टाकावर चढायची तेवढी बाकी होती.

इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या टनब्रिज वेल्स गावात सुमारे 1830 पासून असंच काम सुरू झालं. त्याचं श्रेय जेम्स बरोज या कारागिराला देतात. काड्यांच्या जुडीच्या चकत्या तर ते करतच, पण जुडी सबंध लेथवर चढवून कातायचीही त्यांची रीत होती. आजच्या पेनाची खरी आजी हीच. रंगाबाबत ही मंडळी भारी हट्टी. हिरवा हवा तर ओकचं असं लाकूड शोधायचं, ज्यात एका बुरशीने आपोआप हिरवट-निळी झाक आणली आहे. करडा हवा तर लाकूड गावातल्याच खनिज झऱ्याच्या पाण्यात भिजत ठेवायचं. या धंद्यातली बॉइस, ब्राउन अँड केम्प ही पेढी 1927 मध्ये बंद झाली.

मग ही नक्षी पेनावर यायला इतका उशीर का? अडचण शाईची होती. लाकूड ओल धरतं, फुगतं, तडकतं. त्यामुळे फाउंटन पेनासाठी एबोनाइट, म्हणजे कडक केलेलं रबर, सोयीचं ठरलं. 1938 मध्ये लाझलो बिरो यांनी बॉलपेनचं पेटंट घेतलं. पुढे शाई रिफिलमध्ये बंद झाली आणि लाकडाला नुसतं अंगरख्याचं काम उरलं. 1980च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेत पेनाचे तयार संच मिळू लागले. त्यात टोपण, क्लिप, रिफिल आणि सुमारे 7 मिलिमीटर व्यासाची पितळी नळी. माझ्या मते सगळी किमया त्या नळीची आहे. कातून कातून लाकूड जेमतेम दीड-दोन मिलिमीटर उरतं. दहा तुकड्यांचा तो पापुद्रा नळीला चिकटलेला असतो, म्हणूनच टिकतो. सरसाची जागा आता इपॉक्सीने आणि सुपरग्लूने घेतली आहे.

यातली सगळ्यांना भुरळ घालणारी नक्षी म्हणजे ‘सेल्टिक नॉट’. चौकोनी दांडीला तिरका काप द्यायचा, त्यात दुसऱ्या लाकडाची पातळ पट्टी चिकटवायची. वाळली की दांडी पाव फेरा फिरवून त्याच मध्यावर पुन्हा काप, पुन्हा पट्टी. असे चार काप. पट्टी सरळच असते, पण गोल दांडीला तिरकं कापलं की कापाचा आकार लांबट गोल येतो, त्यामुळे कातल्यावर चार कड्या एकमेकींत गुंतल्यासारख्या दिसतात. पट्टीची जाडी करवतीने पाडलेल्या फटीइतकीच हवी. जरा जाड झाली की कड्यांची टोकं जुळत नाहीत, आणि ते कळतं कधी, तर दांडी कातून गोल झाल्यावर!