ठोका कोणत्या बाजूने पडला?

गव्हाला पाणी चालू होतं आणि लाईट रात्रीची. बाराला मोटार टाकायची, दारं धरायची, पहाटेपर्यंत जागायचं. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. आखाड्याच्या ओट्यावर बसून मी मोबाइलवर एक विज्ञान-श्रुतिका ऐकत होतो. कुठल्याशा उपग्रहावर बर्फाखाली गाडलेलं संशोधन केंद्र, माणसं एकेक करून नाहीशी झालेली, मागे उरलेला एकटा वायरलेस ऑपरेटर. आणि पलीकडून भिंतीवर ठोके. टक्. टक् टक्.

घाबरून मी उजव्या कानातला इअरफोन काढला, तर ठोके बाहेरही! डाव्या कानात नाटक चालूच, त्यामुळे बाहेरचा आवाज नेमका कुठून येतोय ते कळेना. दुसराही काढला आणि क्षणात उलगडा झाला : विहिरीकडच्या पाइपाचं तोंड दगडावर आपटत होतं.

या क्षणभरात मेंदूने मोठं गणित केलं होतं. आपल्या दोन कानांमध्ये वीतभरापेक्षा थोडं कमी अंतर असतं. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला उशिरा पोहोचतो, पण किती उशिरा? फार तर ०.६ ते ०.७ मिलिसेकंद. तीक्ष्ण कानाच्या माणसाला तर १० मायक्रोसेकंदांच्या आसपासचा फरकही पुरतो. बारीक, उंच पट्टीच्या आवाजांसाठी मेंदू दुसरी खूण वापरतो : डोकं मध्ये आल्याने पलीकडच्या कानाला आवाज मंद ऐकू येतो. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली या दोन्ही खुणांची सांगड घातली.

या गणिताला एक खोट आहे. आवाज बरोबर समोरून आला किंवा बरोबर पाठीमागून, दोन्ही कानांना तो एकाच वेळी मिळतो. मग आपण मान जराशी वळवतो, फरक बदलतो, आणि बाजू कळते. कानाच्या पाळीच्या वळ्याही मदत करतात. समोरचा आणि मागचा आवाज त्या वेगवेगळ्या तऱ्हेने गाळून आत सोडतात. इअरफोन नेमका या वळ्यांना वगळून थेट कानाच्या भोकात बोलतो. म्हणून साध्या ध्वनिमुद्रणातली पात्रं आपल्या कवटीच्या आत बोलल्यासारखी वाटतात. मान वळवावी, तर नाटकातलं सगळं केंद्र आपल्याबरोबर वळतं! ठोका मागून आला की पुढून, याची खात्री करून घ्यायची सोयच नाही. माझ्या मते अशा श्रुतिकांची भीती राक्षसांपेक्षा या अडचणीतच जास्त असते. (चांगले निर्माते कृत्रिम डोकं बनवून त्याच्या कानांत माइक ठेवतात, मग पाठीमागचा श्वास खरोखर पाठीमागे ऐकू येतो. तो प्रकार रानात एकट्याने ऐकू नये.)

रानातल्या रात्रीचीही यात भर पडते. हिवाळ्यात सूर्य मावळला की जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवा थंड आणि वरची त्यामानाने उबदार राहते. उबदार हवेत आवाज जास्त वेगाने जातो, त्यामुळे वर निघालेल्या लाटा वळून पुन्हा खाली येतात. दिवसा न ऐकू येणारं पलीकडच्या शिवारातलं भजन म्हणूनच रात्री उशाशी आल्यासारखं वाटतं.

हे सगळं आठवायचं कारण औंढा नागनाथ. हिंगोली जिल्ह्यातल्या या तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची, म्हणजे दूर अवकाशात प्रचंड वजनाच्या वस्तू आदळल्या की अवकाशातच उठणाऱ्या तरंगांची, वेधशाळा व्हायची आहे; एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. काटकोनात ४-४ किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या, त्यांत लेसर. लहर आली की नळीच्या लांबीत प्रोटॉनच्या हजाराव्या भागाएवढा फरक पडतो, तो टिपायचा. म्हणून जागा शांत हवी.

ही वेधशाळा म्हणजे कानच. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड इथल्या यंत्रांनी पहिली लहर टिपली. दोघांत सुमारे ३,००० किलोमीटर अंतर, आणि लहर हॅनफर्डला ७ मिलिसेकंद उशिरा पोहोचली. तिची कंप्रता आपल्याला ऐकू येणाऱ्या पट्ट्यातली, ३५ पासून चढत २५० हर्ट्झपर्यंत. स्पीकरवर वाजवली तर ०.२ सेकंदाचा एक ‘टुप्’. पण दोन कानांची खोट इथेही होतीच, आणि या कानांना मान वळवता येत नाही. आकाशात सुमारे ६०० चौरस अंशांचा पट्टा मिळाला. त्यात पौर्णिमेचे तीनेक हजार चंद्र मावतील. १४ ऑगस्ट २०१७ च्या लहरीच्या वेळी इटलीतलं व्हर्गो सोबतीला होतं, तर दोनच यंत्रांवरून अकराशेवर गेलेला पट्टा ६० चौरस अंशांवर आला. औंढ्याचा कान या सगळ्यांपासून दूर, म्हणून मोलाचा.

मराठी श्रुतिकाकारांना यापेक्षा चांगली जागा मिळायची नाही. रात्रीचे दोन वाजलेत, नियंत्रण कक्षात एकच माणूस, आणि पडद्यावर एक ठोका. बाकीची यंत्रं चालू असताना एकाच यंत्राला ऐकू आलेला ठोका सहसा लहर म्हणून धरत नाहीत. तो हॅनफर्डला विचारतो : काही नाही. लिव्हिंग्स्टनला : काही नाही. फक्त औंढ्याला टक्. टक् टक्.

मी त्याच्या जागी असतो, तर आधी बाहेर जाऊन पाइप बघितला असता.