गोठ्यातला डास नेमका कोण?

पोळ्याच्या सुमारास आमच्या यावल-रावेरकडे हमखास ऐकू येतं, "यंदा मच्छर फार झाले, आता मलेरिया पसरणार." डास जास्त तितका हिवताप जास्त, हे गणित लोकांच्या मनात पक्कं बसलंय. ते चूक आहे, आणि का चूक आहे ते फार सुंदर आहे.

हिवताप पसरवते ती ॲनॉफिलिस डासाची मादी. भिंतीवर डोकं खाली, बूड वर करून तिरकी बसते ती. पाटचाऱ्या आणि नदीपात्रातल्या डबक्यांत वाढून गोठ्यात विसावणारी आपली मुख्य जात म्हणजे ॲनॉफिलिस क्युलिसिफेसीज. पण ही एक जात नाहीच. सूक्ष्मदर्शकाखालीही सारख्याच दिसणाऱ्या या पाच जाती आहेत: ए, बी, सी, डी आणि ई.

मग वेगळ्या कशावरून? रक्त प्यायलेल्या मादीची अंडी अर्धवट वाढलेली असताना तिच्या अंडाशयातल्या पोषक पेशी बघायच्या. तिथे गुणसूत्रांच्या प्रतींवर प्रती निघतात, पण पेशी विभागत नाही. सगळे धागे एकमेकांना चिकटून, अंबाडीचं चऱ्हाट व्हावं तसा जाड दोर होतो आणि त्यावर गडद-फिकट पट्टे उमटतात. पूर्वी कधीतरी या दोराचा एखादा तुकडा तुटून उलटा जोडला गेलेला असतो. पट्ट्यांचा क्रम अ-ब-क-ड होता, तो अ-क-ब-ड झाला. सरळ आणि उलट क्रमाच्या डासांची संतती झाली, तर प्रत्येक पट्टा आपला जोडीदार शोधतो आणि दोराला तिथे फास पडतो. आता एका गावातून शंभर माद्या धरल्या, निम्मे दोर सरळ आणि निम्मे उलट निघाले, तर मुक्त मिलनात सुमारे पन्नास माद्यांत फास दिसायलाच हवा. एकीतही दिसला नाही, तर? एकाच गोठ्यात राहून हे डास आपसात जुगतच नाहीत! १९८०मध्ये ग्रीन आणि माइल्स यांनी ए आणि बी या जाती गुणसूत्रांच्या अशाच पुराव्यावरून वेगळ्या केल्या.

बी बहुतांशी गुराढोरांचं रक्त पिते, हिवताप फारसा पसरवत नाही. ए पसरवते. म्हणून बीने भरलेल्या गोठ्यापेक्षा ए जातीचे थोडे डासही घातक. डीडीटी या कीटकनाशकाला बी लवकर दाद देईनाशी झाली, ए त्या मानाने उशिरा. फवारणी वाया जाते की नाही, हे समोर कोण आहे यावर ठरतं. डीडीटी डासाच्या चेतापेशीतलं सोडियम आत सोडणारं दार उघडं अडकवून त्याला मारतं; पण काही डासांत या दाराच्या प्रथिनात १०१४व्या जागी ल्युसिन या अमिनो आम्लाऐवजी फिनाइलॲलानिन येतं, आणि डीडीटीला ते दार तसं अडकवून ठेवता येत नाही.

ताप उतरावा म्हणून अजूनही मंतरलेला दोरा बांधतात. व्हायवॅक्स या हिवतापाच्या परजीवीचा ताप दिवसाआड येतो, मधल्या दिवशी आपोआप उतरतो आणि श्रेय दोऱ्याला मिळतं. तेवढ्यात रक्त तपासायचं राहून जातं.

'जनुक बदलून डास संपणार' या बातम्यांनीही हुरळू नये. २०१८मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात डासाचं लिंग ठरवण्यात भाग घेणाऱ्या डबलसेक्स जनुकावरच्या अशा प्रयोगाने पिंजऱ्यातले डास ७ ते ११ पिढ्यांत खरोखर संपले. पण ती आफ्रिकेतली गॅम्बिई जात होती. असं जनुक मिलनातून पसरतं. ए जातीत सोडलेलं जनुक, जिच्याशी ती जुगत नाही त्या जातीत जाणार कसं? शिवाय सातपुड्याच्या झऱ्यांवरची फ्लुव्हिॲटिलिस आणि शहरी टाक्यांतली स्टीफेन्सी या हिवताप पसरवणाऱ्या ॲनॉफिलिसच्या दुसऱ्या जाती उरतातच.