त्या नावांत माझे नाव आहे का? : इस्लाममधील ईमान आणि निफाक यांची पार्श्वभूमी

खलिफा उमर यांनी एकदा हुजैफा इब्न अल-यमान यांना गाठून विचारले, "अल्लाहला स्मरून सांगा, त्या नावांत माझे नाव आहे का?" हुजैफा म्हणाले, "नाही. पण तुमच्यानंतर आणखी कुणाबद्दल मी असे सांगणार नाही."

ती नावे मुनाफिकांची होती. वरून मुसलमान आणि आतून नाही, अशा मदिनेतल्या काही माणसांची नावे प्रेषित मुहम्मद यांनी विश्वासाने हुजैफांना सांगितली होती. म्हणून परंपरेत हुजैफांना प्रेषितांचे गुपित राखणारे म्हणतात. कुणाचा जनाजा आला की उमर आधी हुजैफांकडे बघत आणि ते नमाजला उभे राहिले नाहीत तर स्वतःही उभे राहत नसत, असेही सांगितले जाते. इराक, शाम (सीरियाचा प्रदेश) आणि मिसर (इजिप्त) ज्यांच्या अमलाखाली आले, त्या माणसाला आपल्याच ईमानाची धास्ती वाटावी! माझ्या मते या विषयाचे मर्म इथेच आहे. 'मुनाफिक' हा शब्द पुढे एकमेकांवर फेकण्याचा दगड झाला. ज्यांच्या हयातीत तो रूढ झाला, ती माणसे मात्र तो आधी स्वतःला लावून बघत.

मराठीत 'इमान' म्हटले की निष्ठा आठवते आणि 'बेइमान' म्हणजे खाल्ल्या मिठाला न जागणारा. अरबी ईमानही यापासून फार लांब नाही. अ-म-न या धातूत निर्धास्तपणा आणि भरवसा आहे, आणि ठेव या अर्थाची 'अमानत' त्याच धातूतून येते. निफाक, म्हणजे मुनाफिकाचे ढोंग, या शब्दाची गोष्ट अधिक चित्रमय आहे. वाळवंटात यरबू नावाचा, मागच्या लांब पायांवर उड्या मारणारा उंदरासारखा प्राणी असतो. त्याच्या बिळाला एक उघडे तोंड असते. दुसरीकडे तो जमिनीच्या पार वरच्या थरापर्यंत खणत येतो आणि मातीचा पातळ पापुद्रा तेवढा राहू देतो. शत्रू दारात आला की डोक्याने तो पापुद्रा फोडून पसार होतो. या छुप्या वाटेला अरबीत 'नाफिका' म्हणतात. जुन्या कोशकारांनी मुनाफिक शब्दाचा संबंध तिच्याशी जोडला: एका दाराने धर्मात आलेला, दुसरे दार झाकून ठेवलेला.

मक्केत असे दुसरे दार ठेवण्याचे कारणच नव्हते. तिथे मुसलमान होणे म्हणजे मार, बहिष्कार आणि हद्दपारी. ढोंग करायचेच तर ते उलट दिशेने करावे लागे. छळाखाली अम्मार इब्न यासिर यांच्या तोंडून नको ते शब्द वदवून घेतले गेले, तेव्हा मन ईमानावर ठाम असलेल्या अशा माणसाला दोष नाही, असे कुरआनने सांगितले (१६:१०६, म्हणजे १६वी सूरह किंवा अध्याय, १०६वी आयत). जिवाच्या भीतीने ईमान लपवणे वेगळे आणि फायद्यासाठी ईमान मिरवणे वेगळे, हा फरक तेव्हापासूनचा आहे.

इ.स. ६२२ मध्ये प्रेषित मदिनेत आले आणि चित्र पालटले. औस आणि खजरज या तिथल्या दोन जमाती आपसांतल्या लढायांनी थकल्या होत्या. खजरजचा सरदार अब्दुल्लाह इब्न उबय्य याला राजा करायचे घाटत होते. त्याच्यासाठी मुकुटही ओवला जात होता, असे जुने चरित्रकार सांगतात. तेवढ्यात प्रेषित आले आणि तो मुकुट राहूनच गेला. ६२४ मध्ये बद्रची लढाई मुसलमानांनी जिंकली, तेव्हा वारे कुठे वाहते आहे ते ओळखून इब्न उबय्यने इस्लाम पत्करला. पुढच्याच वर्षी उहुदच्या लढाईच्या वाटेवरून तो सुमारे ३०० माणसे घेऊन परतला. सारे सैन्य हजाराच्या आसपास होते.

काही काळाने मुरैसीच्या मोहिमेत पाण्यावरून एक मक्केहून आलेल्यांच्या बाजूचा आणि एक मदिनेच्या बाजूचा यांच्यात जुंपली. इब्न उबय्य संतापून आपल्या माणसांत बोलला, की मदिनेला परतू दे, मग प्रतिष्ठित कोण आणि हलका कोण ते दिसेल. हलक्याला बाहेर काढू. जैद इब्न अर्कम या कोवळ्या पोराने ते ऐकले आणि बातमी प्रेषितांपर्यंत गेली. इब्न उबय्यने शपथेवर कानांवर हात ठेवले. वडीलधाऱ्यांनी सरदाराचा शब्द मानला आणि पोर खोटे पडले. जैद घरात तोंड लपवून बसला. मग कुरआनची 'मुनाफिकून' ही ६३वी सूरह उतरली, तीत ते शब्द जसेच्या तसे आले आणि जैद खरा ठरला. याच सूरहमध्ये मुनाफिकांसाठी टेकून ठेवलेल्या ओंडक्यांची उपमा आहे. दिसायला भारदस्त, बोलू लागले तर ऐकत राहावे, आणि आत काही नाही.

आता खोटे उघड झाले होते. उमर यांनी त्याची मान उडवण्याची परवानगी मागितली. प्रेषितांनी ती नाकारली. मुहम्मद आपल्याच साथीदारांना मारतात, असे लोकांनी म्हणू नये. इब्न उबय्यचा मुलगा, त्याचेही नाव अब्दुल्लाह, सच्चा मुसलमान होता. बापाला मारायचेच असेल तर ते काम मलाच सांगा, असे म्हणत तो आला. त्यालाही उत्तर मिळाले, की तो आपल्यात आहे तोवर आपण त्याच्याशी सौम्यपणेच वागू. इब्न उबय्य अंथरुणावर वारला. कफनासाठी प्रेषितांनी आपला सदरा दिला आणि जनाजाची नमाजही पढवली. अशांच्या जनाजाची नमाज पढू नये, अशी आज्ञा (९:८४) आली ती त्यानंतर. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. कुरआनची भाषा मुनाफिकांबाबत अत्यंत कठोर आहे, त्यांची जागा नरकाच्या तळाशी सांगितली आहे (४:१४५). पण इथे, माणसांच्या जगात, ज्याने कलमा, म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हटला त्याला मुसलमान म्हणूनच वागवले गेले.

६३० मधल्या तबूकच्या मोहिमेत हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने दिसते. कडक उन्हाळा, लांबचा पल्ला, आणि मदिनेत फळे पिकून सावल्या गोड झालेल्या. कवी काब इब्न मालिक यांची तब्येत ठणठणीत होती, दाराशी पहिल्यांदाच दोन दोन सांडण्या होत्या. उद्या तयारी करू, परवा गाठू, म्हणता म्हणता सैन्य निघून गेले. मागे राहिलेल्या गावात फिरताना त्यांना दिसत ते एकतर दुबळे, नाहीतर ज्यांच्या निफाकची कुजबुज होती असे लोक. त्या दोहोंत आपण उभे आहोत, याने ते खंतावले.

प्रेषित परतले तेव्हा ऐंशीवर माणसे सबबी आणि शपथा घेऊन आली. प्रेषितांनी त्यांचे शब्द मानून घेतले आणि मनातले अल्लाहवर सोपवले. काबची पाळी आली. ते म्हणाले, दुसऱ्या कुणासमोर असतो तर शब्दांच्या जोरावर सुटलो असतो. पण मला काहीही सबब नव्हती. शिक्षा झाली ती या खरे बोलणाऱ्याला आणि त्याच्यासारख्या आणखी दोघांना. ५० दिवस कुणी त्यांच्याशी बोलायचे नाही. काब एकदा चुलतभाऊ अबू कतादा यांच्या बागेची भिंत चढून आत गेले. सलाम केला, उत्तर नाही. "माझे अल्लाहवर आणि त्याच्या रसूलवर (प्रेषितावर) प्रेम आहे, हे तुला माहीत नाही का?" गप्प. पुन्हा विचारले, गप्प. तिसऱ्यांदा विचारल्यावर अबू कतादा एवढेच म्हणाले, "अल्लाह आणि त्याचे रसूल जाणोत." काबच्या डोळ्यांना पाणी आले आणि ते तसेच भिंत ओलांडून परत गेले. पन्नासाव्या दिवसाच्या पहाटे माफीची वार्ता आली. धावत आलेल्याला त्यांनी अंगावरचे दोन्ही कपडे काढून दिले आणि स्वतः उसने नेसून निघाले. ज्यांच्या थापा खपल्या, त्यांच्याबद्दल मात्र 'तौबा' या ९व्या सूरहमध्ये कडक शब्द आहेत.

ईमान आणि निफाक यांच्यामध्ये मोकळी जागाही होती. आम्ही ईमान आणले, असे म्हणणाऱ्या बदूंना, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबांना, कुरआन सांगते, की आम्ही शरण आलो एवढेच म्हणा, ईमान अजून तुमच्या हृदयात शिरलेले नाही (४९:१४). त्यांना ढोंगी म्हटलेले नाही. ते वाटेवर होते. लढाईत कलमा म्हणणाऱ्याला भीतीपोटी म्हणाला असे समजून उसामा इब्न जैद यांनी मारले, तेव्हा प्रेषितांनी विचारले, "त्याचे हृदय चिरून पाहिलेस का?" हंजला नावाच्या सहाबींना, म्हणजे प्रेषितांच्या साथीदाराला, वाटले, प्रेषितांजवळ असताना स्वर्ग-नरक डोळ्यांसमोर दिसतात आणि घरी बायकामुलांत, शेतीवाडीत सारे विसरते, म्हणजे मी मुनाफिक झालो. त्यांची समजूत घातली गेली, की मनाच्या अशा वेळा येत-जात असतात. हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांच्या वचनांत, मुनाफिकाच्या खुणा सांगितल्या त्या तीन: बोलला तर खोटे, वचन दिले तर मोडणार, अमानत सोपवली तर खयानत (विश्वासघात) करणार. या खुणांत नमाज-रोजा नाही. सारा रोख माणसामाणसांतल्या व्यवहारावर आहे.

हुजैफा ६५६ मध्ये वारले. त्याच वर्षी खलिफा उस्मान यांची हत्या झाली होती. पुढच्या वर्षी सिफ्फीनला मुसलमान मुसलमानांशी लढले. आता प्रश्न निराळा झाला: महापाप करणाऱ्याला मुसलमान म्हणायचे का? खारिजी नावाचा गट म्हणाला, तो काफिर. मुर्जिआ नावाचा गट म्हणाला, निवाडा अल्लाहवर सोडा. बसऱ्याच्या हसन यांच्या नावावर त्याला मुनाफिक म्हणणारे मत आहे, आणि त्यांच्या बैठकीतून उठून गेलेले वासिल इब्न अता त्याला दोहोंच्या मधल्या ठिकाणी ठेवत; मुअतजिला पंथाची सुरुवात तिथून सांगतात. अबू हनीफा (मृत्यू ७६७) यांनी ईमान म्हणजे मनाचा स्वीकार आणि जिभेची कबुली मानली, आचरण त्यापासून वेगळे ठेवले. शाफिई आणि अहमद इब्न हंबल यांच्या मते ईमानात आचरणही येते, म्हणून ते वाढते आणि घटते. वाद शास्त्रार्थाचा वाटतो, पण चुकणाऱ्या शेजाऱ्याला जमातीत ठेवायचे की बाहेर काढायचे, हे त्यावर ठरत होते.

निफाकचे दोन प्रकार पाडले गेले तेही याच गरजेतून. श्रद्धेतला निफाक माणसाला धर्माबाहेर नेतो. आचरणातला निफाक, म्हणजे खोटेपणा आणि वचनभंग, पाप असले तरी बाहेर काढत नाही. बुखारींच्या हदीससंग्रहात इब्न अबी मुलैका सांगतात, की मी ३० सहाबींना भेटलो आणि प्रत्येकाला स्वतःच्या बाबतीत निफाकची भीती होती.

सत्तेने मात्र हृदयात हात घातलाच. ८३३ मध्ये अब्बासी खलिफा मामून याने कुरआन निर्मित आहे, म्हणजे अनादी नाही, हे मत विद्वानांकडून वदवून घेण्याची चौकशी सुरू केली. अनेकांनी जिवाच्या भीतीने होकार दिला. इब्न हंबल यांनी दिला नाही. पुढच्या खलिफाच्या काळात त्यांना फटके खावे लागले. ढोंगाचा एवढा धिक्कार करणाऱ्या धर्मात राज्यकर्त्यानेच विद्वानांना ढोंग करायला लावले, हे वाचताना आजही जीव कळवळतो.

आपल्या काळात या वादाने पुन्हा रक्त सांडले. त्यावर जॉर्डनचे राजे अब्दुल्लाह दुसरे यांनी २००४ मध्ये अम्मानचा संदेश जाहीर केला. २००५ मध्ये ५० हून अधिक देशांतले सुमारे २०० विद्वान तिथे जमले आणि सुन्नी, शिया, इबादी व जाहिरी मिळून आठ फिकही (धर्मशास्त्राच्या) परंपरांच्या अनुयायांना काफिर ठरवता येणार नाही, यावर त्यांनी सह्या केल्या. अल्लाहवर, त्याच्या रसूलवर आणि ईमानाच्या मूळ गोष्टींवर विश्वास सांगणाऱ्या मुसलमानांच्या कोणत्याही गटाला धर्माबाहेर काढायचे नाही, असेही त्यात लिहिले आहे.